आम्ही जुन्या पिक्चरवाले

आमच्या घरी माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे. पाहुणे आले, चहा झाला, की आई सांगते, "बाकीची पोरं नवीन पिक्चर बघायला जातात, आणि हा मेलेल्या माणसांचे पिक्चर बघत बसतोय." पाहुणे हसतात, मीही हसतो. आई खोटं बोलत नाही. मला आवडणाऱ्या बहुतेक पिक्चरमधलं एकही माणूस आता हयात नाही.

"आजोबांवर गेलाय," असं त्यावर बाबा हमखास म्हणतात. मी जन्मायच्या आधीच आजोबा गेले. भिंतीवरचा हार घातलेला फोटो आणि माळ्यावरची एक पत्र्याची पेटी, एवढेच मला ठाऊक असलेले आजोबा. दहावीच्या सुट्टीत माळा साफ करताना ती पेटी खाली आली. आत पिक्चरच्या गाण्यांच्या पुस्तिका होत्या. पूर्वी थिएटरच्या दारात या पुस्तिका विकायला असत. चार-आठ पानांची पातळ पुस्तिका, वर नटनटींचे फोटो, आत कामं करणाऱ्यांची नावं, गाणी आणि पिक्चरची गोष्ट. गोष्ट अर्ध्यावर आणून सोडायची आणि खाली लिहायचं, पुढे काय झालं ते पडद्यावरच पाहा! कागद पिवळा पडलेला, घडी उलगडली की तुकडा हातात. अशा चाळीसेक पुस्तिका होत्या. बऱ्याचशा 'प्रभात'च्या, तुतारी फुंकणारी बाई छापलेल्या.

अर्धी गोष्ट वाचून गप्प बसणं मला जमत नाही. पुढे काय झालं ते बघायला मी एकेक पिक्चर मोबाईलवर शोधू लागलो. चित्र पुसट, आवाजात खरखर, मधेच उडी मारून पुढे गेलेलं. तरी बघत राहिलो. तेव्हापासून हे खूळ लागलं ते लागलं.

एकटा ते सातजण

कुठल्याही वेडाची अडचण एकच, ते सांगायला माणूस लागतो. 'माणूस' पिक्चरमध्ये शांता हुबळीकर एकाच गाण्यात किती भाषा गाते, हे मला कुणाला तरी सांगायचं असायचं. कुणाला सांगणार? गल्लीतल्या मित्राला एकदा सांगितलं, तर त्याने क्रिकेटचा स्कोअर विचारला.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला वाङ्मय मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सरांनी प्रत्येकाला आवडती कलाकृती सांगायला लावली. कोणी 'कोसला' म्हणालं, कोणी 'बटाट्याची चाळ'. मी म्हणालो, "माणूस, 1939." दोन-तीन जण फिदीफिदी हसले. मागच्या बाकावरून मात्र एका मुलीने विचारलं, "शांता हुबळीकरचा? आमच्या अज्जीला माहीत हाय ती. आमच्या हुबळीकडची की गा!"

ही मुलगी घरी कन्नड बोलते आणि मराठी हौसेनं शिकते. तिचं म्हणणं बरोबरच होतं. शांता हुबळीकर हुबळीजवळच्या गावात जन्मल्या. पुण्याला प्रभातमध्ये जाऊन त्यांनी मैना साकारली, तरी गावाचं नाव आडनावातून गेलं नाही. बेळगावच्या मुलांना आणखी काय पाहिजे? त्या बैठकीनंतर आम्ही दोघं कँटीनमध्ये तासभर बोलत बसलो. महिन्याभरात दोघांचे सातजण झालो. सायन्सचा एक जण आहे, त्याला कॅमेऱ्यात रस. एक तबला वाजवतो. एक मुलगी फक्त नऊवारी आणि दागिने बघायला येते, तसं ती उघड सांगते. आणि सर आहेत, ते परवानगीचा अर्ज लिहून देतात आणि मग आमच्यातच खुर्ची ओढून बसतात.

शनिवारी दुपारी दोन वाजता कॉलेज सुटतं. मग एव्ही रूममध्ये खिडक्यांना चादरी लावायच्या, प्रोजेक्टर गरम होईपर्यंत मिरची भजी संपवायची आणि पिक्चर लावायचा. आमचे नियम तीनच. मोबाईल बंद. पिक्चर पुढे पळवायचा नाही. आणि संपल्यावर प्रत्येकानं एक तरी अशी गोष्ट सांगायची, जी दुसऱ्या कुणाला दिसली नाही.

हा तिसरा नियम सगळ्यात भारी. मी एकटा 'संत तुकाराम' तीनदा बघितला होता. तिन्ही वेळा मी विष्णुपंत पागनीसांकडेच बघत होतो. एकेकाळी नाटकात स्त्रीभूमिका करणारा हा नट तुकाराम म्हणून असा काही शांत बसतो, की नजर हलत नाही. सातजणांत बघितला तेव्हा ती नऊवारीवाली मुलगी म्हणाली, "तुम्ही सगळे तुकारामाकडं बघत होतात. मी जिजाईकडं बघत होते. तो वैकुंठाला गेला. ही पोरांना घेऊन मागं राहिली. घर कोणी चालवलं?" गौरीबाईंची जिजाई म्हशीवर जीव टाकते, नवऱ्यावर खेकसते, देवावरही चिडते. चौथ्यांदा बघितला तेव्हा कुठे मला ती दिसली. 1936 सालचा हा पिक्चर, मुंबईत वर्षाहून जास्त चालला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. हे सगळं मला तोंडपाठ होतं. जिजाई मात्र दिसली नव्हती.

त्या दिवशी सरांनी अजून एक गंमत सांगितली. त्या पिक्चरमधला एक अभंग तुकारामांचा नाहीच, तो शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलेला आहे. पण तो इतका चपखल बसला, की भल्याभल्यांनी गाथेत शोधला. तबलेवाला म्हणाला, "म्हणजे आमच्या भजनी मंडळात आम्ही पिक्चरचं गाणं म्हणायलोय काय इतकी वर्षं?" सगळे खो खो हसलो.

शाहू मोडक आणि एक प्रश्न

आमच्यातली एक मैत्रीण मराठी ख्रिस्ती आहे. तिचं मूळ घर अहमदनगरकडचं, वडिलांच्या नोकरीमुळं इथं आलेलं. कॉलेज मिशनचं असलं तरी तिला एक प्रश्न सारखा येतो, "तू ख्रिश्चन, मग मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय. ती हसते आणि सोडून देते. मीही पहिल्या वर्षाला तिला हेच विचारलं होतं, हे आज कबूल करतो.

'संत ज्ञानेश्वर' आम्ही लावला तेव्हा नेहमीसारखी मी सुरुवातीला माहिती सांगितली. 1940 सालचा, दामले-फत्तेलाल यांचा, लहानपणीचा ज्ञानेश्वर यशवंत या मुलानं केलेला आणि मोठेपणीचा शाहू मोडकांनी. शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातले. 1932 च्या 'श्यामसुंदर'मध्ये लहान वयात ते कृष्ण झाले होते. पुढंही लोकांनी त्यांना कितीदा तरी कृष्ण म्हणूनच बघितलं.

"काय म्हणालास? कुठले?" तिनं विचारलं.

"अहमदनगरचे. ख्रिस्ती."

ती काही बोलली नाही. पिक्चर संपल्यावर नियमाप्रमाणं तिची पाळी आली. ती म्हणाली, "मला दिसलं ते असं, की ज्ञानेश्वर बोलतात ते माझ्या आजीच्या मराठीत बोलतात. आणि त्या काळात तिकीट काढून हात जोडणाऱ्यांतलं कोणी त्यांना विचारलं नसेल, की तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसं काय?"

खोलीत जरा वेळ पंख्याचाच आवाज होता. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "तुला नाही रे म्हणाले." पण मलाच म्हणाली होती, आणि बरोबर म्हणाली होती.

आजी शनिवारी आली

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो.

आजोबांच्या पेटीत 'कुंकू'ची पुस्तिका होती. 'कुंकू' 1937 सालचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीरा नावाच्या अनाथ मुलीचं लग्न तिचे मामा-मामी फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावतात. आणि नीरा ते मानत नाही. रडून गप्प बसत नाही, विहीर जवळ करत नाही, सरळ सांगते की हे लग्न मला मान्य नाही. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. या पिक्चरला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलंच, भांडी, पावलं, ग्रामोफोन, भिंतीवरचं घड्याळ. काकासाहेबांची थोरली मुलगी, जी सावत्र आईच्याच बाजूनं उभी राहते, ती भूमिका शकुंतला परांजप्यांनी केली आहे. रँग्लर परांजप्यांच्या या मुलीनं पुढं संततिनियमनाचं काम उभ्या आयुष्यात केलं.

पुस्तिका आजोबांची, म्हणून मला वाटलं, आजीला दाखवू. आजी आता ऐंशी पार आहे. मूळची खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. जत्रेत तंबूत पिक्चर यायचा, बाया एका बाजूला आणि गडी एका बाजूला, मधे कापड लावलेलं, हे ती रंगवून सांगते. आजोबांची पेटी मात्र तिनं कधी उघडलेली मी बघितली नाही. "येतीस काय कॉलेजला?" म्हटल्यावर ती आधी नको म्हणाली. पिक्चरचं नाव सांगितल्यावर थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "येतो चल."

रिक्षानं आणली. गुडघे धरत जिना चढली. पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली. मी उभा राहून पाच मिनिटं भाषण ठोकलं. ही पुस्तिका माझ्या आजोबांची, त्यांनी हा पिक्चर तरुणपणी बघितलेला, मला हा वारसा त्यांच्याकडून मिळाला, वगैरे. पुस्तिका हातोहात फिरवली. सगळे आजीकडं कौतुकानं बघत होते.

पिक्चर संपला. काकासाहेबांना शेवटी आपली चूक उमगते, ते नीराला मुलगी मानतात आणि स्वतःला संपवतात. आम्ही टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्यावाला घड्याळाबद्दल बोलला. ते घड्याळ म्हणजे काकासाहेबच आहेत, जुनं झालेलं, तरी घरावर हुकूम चालवणारं. मी केशवराव दात्यांवर बोललो. खलनायक न करता माणूस केला, आपल्याला काकासाहेबांची शेवटी दया येते, हीच त्यांची कमाल, असं काहीतरी. मग सरांनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय दिसलं?"

आजी म्हणाली, "घड्याळ बरोबर दाखवलंय." एवढंच. आम्हाला वाटलं, दमली.

रात्री जेवण झाल्यावर मी तिच्या पायाला तेल लावत होतो. तेव्हा ती आपण होऊन बोलायला लागली. तिच्या बोलीत जसं आठवतंय तसं लिहितो.

"मला सोळावं होतं. लगीन ठरलं म्हणून सांगितलं. मुलगा कसा हाय, कोण सांगनार? हळद लागल्यावर आत्या कानात म्हनाली, बिजवर हाय, अडतीस वर्साचा. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हननार? घरात आलो तर भिंतीवर घड्याळ. रोज रात्री नऊला त्याला चावी द्यायचे. मी आपली आवाज ऐकत पडायची."

मी तेल लावायचं थांबलो होतो. मला हे ठाऊक नव्हतं. आजोबा वयानं मोठे होते एवढं माहीत होतं, पण बावीस वर्षांचं अंतर कधी कुणी मोजून सांगितलं नव्हतं. मीही मोजलं नव्हतं.

"वाईट न्हवते ते," आजी म्हणाली. "हात उगारला न्हाई कधी. पोरांना शिकवलं. मला पिक्चरला न्यायचे, ग्लोबला न्हेलेलं. पन मला कुनी विचारलं न्हवतं. त्यांनीबी न्हाई."

मग थोड्या वेळानं ती जे म्हणाली, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

"तुज्या आजोबांनी ह्यो पिक्चर अठरा वर्साचे असताना बगितला. मलाच सांगायचे, काय पिक्चर होता, लोकांनी किती टाळ्या वाजवल्या. त्यांनीबी वाजवल्या असतील. आनि वीस वर्सांनी मला करून आनलं."

टाळ्या

दोन शनिवार मी गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. आजोबांची पुस्तिका मी मिरवली, आणि जिच्या आयुष्यात तो पिक्चर घडला तिला पहिल्या रांगेत बसवून काकासाहेबांची दया येते म्हणून सांगितलं. माझं जुन्या पिक्चरचं प्रेम म्हणजे तारखा, नावं आणि फोटो होते काय? आजोबांचंही तेवढंच होतं काय? चाळीस पुस्तिका जपून ठेवणाऱ्या माणसाला 'कुंकू' दिसलाच नाही, असं कसं होतं?

तिसऱ्या शनिवारी गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. आधी आजीला विचारलं होतं, सांगू का म्हणून. ती म्हणाली, "सांग की. लिही पायजे तर. आता कोन रागावनार हाय?"

सांगून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. मग एरवी फक्त दागिने बघायला येणारी ती मैत्रीण म्हणाली, "माझ्या ताईचं वैशाखात ठरलंय. एकोणीस वर्षांची हाय. तिला कोणी विचारलेलं मी तरी बघितलं न्हाई. मीपण न्हाई विचारलं." त्या दिवशी पिक्चर लावलाच नाही. प्रोजेक्टर तसाच गरम होत राहिला आणि आम्ही दोन तास बोलत बसलो. तिनं घरी जाऊन ताईला विचारलं. पुढं काय झालं ते त्यांच्या घरातलं, मी लिहिणार नाही. विचारलं एवढं खरं.

मला आता असं वाटतं, की एकट्यानं पिक्चर बघण्यात एक धोका असतो. आपल्याला सोयीचं तेवढंच दिसतं. आजोबा मित्रांबरोबर गेले असतील, पण सगळे त्यांच्यासारखेच असतील. मधल्या कापडाच्या पलीकडं बसलेल्या बायांना काय दिसलं, हे कोणी विचारलं नसणार. आमच्या खोलीत ते कापड नाही. कन्नड बोलणारी आहे, ख्रिस्ती आहे, सायन्सवाला आहे, आणि आता एक आजी आहे. म्हणून एकच पिक्चर सातदा निराळा दिसतो.

आणि बघून घ्यायला हवं, कारण हे पिक्चर कायमचे राहणारे नाहीत. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, ती चटकन पेट घेते. 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेली आणि 1933 मध्ये पुण्याला गेलेली प्रभात बंद पडली. तिच्याच आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. जानेवारी 2003 मध्ये तिथं नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि पुष्कळ मूळ निगेटिव्ह जळाल्या. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' सुद्धा आज आपल्याकडं अख्खा नाही, तुकड्यातच आहे. जे उरलंय ते पुसट का होईना, बघायला मिळतं. पण फिल्म उरली आणि ती बघून बोलणारी माणसं उरली नाहीत, तर त्या उरण्याचं काय करायचं? माझ्या आजीजवळ जे होतं ते कुठल्याच पेटीत नव्हतं. मी अजून दोन वर्षं उशीर केला असता, तर ते तसंच गेलं असतं.

मागच्या महिन्यात आजीनं विचारलं, "आता कुठला लावनार?" मी म्हणालो, "माणूस." तिला गोष्ट सांगितली. गणपत हवालदार धाडीत सापडलेल्या मैनेला वाचवतो, तिला माणसात आणायला बघतो. मैना शेवटी तुरुंगात जाते आणि तो सोडवायला येतो तेव्हा नाही म्हणते. आमच्यात यावरून पूर्वी कडाक्याचं भांडण झालेलं आहे. अर्धे म्हणतात, लेखकानं तिच्यावर अन्याय केला. हुबळीवाली म्हणते, तिचं 'नाही' हेच तिचं पहिलं स्वतःचं वाक्य आहे.

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बगितल्यावर सांगतो."

तेव्हा मंडळाच्या सभासदांना आणि ज्यांना यायचंय त्या सगळ्यांना सांगतो, येत्या शनिवारी दोन वाजता 'माणूस' आहे. एव्ही रूम, दुसरा मजला. भजी आपापल्या पैशानं. मेलेल्या माणसांचे पिक्चर म्हणून कोणी हसलं तर हसू दे, आई अजून हसते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाळ्या वाजवायच्या आधी शेजारच्याला काय दिसलं ते विचारा. आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसू नका. ती आजीची आहे.